एएनएम करू का, असं विचारणाऱ्या पोरींसाठी

बारावीचा निकाल लागला की आमच्या भागातल्या पोरींचे फोन सुरू होतात. ताई एएनएम करू का जीएनएम, ताई आर्ट्सवाल्यांना चालतं का, ताई नोकरी लागते का, आणि शेवटी हळूच विचारतात, ताई लई अवघड असतं का. उपकेंद्रात समोर बायका लेकरं घेऊन बसलेल्या असतात, पाच मिनिटांत फोनवर काय सांगणार, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय. लांब होणार आहे, सावकाश वाचा.

आधी सरळ माहिती. एएनएम म्हणजे सहाय्यक परिचारिका प्रसाविका, दोन वर्षांचा कोर्स, बारावी कुठल्याही शाखेची चालते आणि शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंग आणि मिडवायफरी, तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं आणि त्याला बारावी सायन्स, बायोलॉजीसकट. कोर्स झाला की महाराष्ट्र परिचर्या परिषदेत रजिस्ट्रेशन करावं लागतं, ते नसेल तर तुम्ही नर्स नाही, मग अंगावर ॲप्रन असो नाहीतर नसो. एएनएम झालेली मुलगी बहुतेक करून आरोग्यसेविका म्हणून उपकेंद्रात जाते. सपाट भागात साधारण 5000 लोकांमागे एक उपकेंद्र आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात 3000 लोकांमागे एक, असं ठरलेलं माप आहे. मी बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आहे.

हा कोर्स कमी मार्कवाल्यांचा आहे असं लोक सहज बोलून जातात आणि मला त्याचा राग येतो. हा कोर्स निघाला कशासाठी ते बघा ना. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा शिकलेल्या नर्सा होत्याच मूठभर आणि त्या सगळ्या शहरातल्या हॉस्पिटलात, गावात बाई अडली तर सुईण नाहीतर देव. मग 1951 साली पंजाबात तरनतारनच्या सेंट मेरी हॉस्पिटलात एएनएमचा पहिला दोन वर्षांचा कोर्स सुरू झाला. पुढं 1973 च्या कर्तारसिंग समितीनं सांगितलं की एकीनं फक्त बाळंतपण, दुसऱ्यानं फक्त मलेरिया, तिसऱ्यानं फक्त देवीचा रोग असं न करता घरोघर जाणारा एकच माणूस सगळं बघू दे, आणि एएनएमची बहुउद्देशीय आरोग्यसेविका झाली. कोर्स मधे 18 महिन्यांचा केला होता, नंतर परत दोन वर्षांचा झाला. म्हणजे जिथं डॉक्टर पोचत नाही तिथं एकटीनं उभं राहायचं काम या पोरींसाठी ठेवलंय, आणि त्याला लोक कमी मार्कांचं म्हणतात.

आता शिक्षणाकडे येते.

पहिले काही महिने तुम्हाला वाटेल आपल्याला फसवलं. आपण आलो इंजेक्शन द्यायला आणि मॅडम शिकवतायत चादर घालायला. मॅकिंटॉश म्हणजे रबरी चादर कुठं, त्यावर ड्रॉ शीट म्हणजे आडवी छोटी चादर कुठं, कोपरा कसा दुमडायचा, पेशंट बेडवर असतानाच त्याच्या खालची चादर कशी बदलायची, एका कुशीवर वळवून निम्मी चादर गुंडाळत न्यायची मग दुसऱ्या कुशीवर वळवून ओढून घ्यायची, आणि हे सगळं करताना पेशंटचं अंग उघडं पडता कामा नये. आमच्या ट्यूटर मॅडम चादरीवरून हात फिरवून बघायच्या आणि एक सुरकुती सापडली तरी परत घालायला लावायच्या. वर्गातल्या पोरी कुरकुरायच्या की हे तर मावशीचं काम आहे. मग मेडिसिन वॉर्डात लकवा झालेले एक आजोबा आले, घरच्यांनी बरेच दिवस घरीच ठेवलेले, त्यांच्या कमरेखाली शेपटीच्या हाडापाशी एवढी मोठी जखम की आतलं हाड दिसत होतं. ड्रेसिंग करताना मॅडम एवढंच बोलल्या, "ही जखम आजारानं झालेली नाही, ही पडून राहिल्यानं झालीय." त्या दिवसानंतर सुरकुतीवरून कोणी कुरकुर केली नाही.

जो माणूस स्वतःहून कूस बदलू शकत नाही त्याला दर दोन तासांनी वळवायचं. टाचा, खांदे, डोक्याची मागची बाजू, शेपटीचं हाड, या जागा रोज बघायच्या. लाल झालेल्या जागेवर बोट दाबून सोडलं आणि लाली गेलीच नाही तर तिथं आतून सुरुवात झालीय असं समजायचं. औषध नाही, मशीन नाही, फक्त हात आणि घड्याळ. मुंबईच्या केईएमच्या नर्सेसनी काय केलं ते माहितीये ना, अरुणा शानबाग, त्यांच्याच हॉस्पिटलातली नर्स, 27 नोव्हेंबर 1973 ला तिच्यावर हल्ला झाला आणि 18 मे 2015 ला ती गेली, मधली जवळजवळ 42 वर्षं ती त्याच हॉस्पिटलात बेडवर होती. 2011 साली सुप्रीम कोर्टात तिची केस चालली, कोर्टानं डॉक्टरांकडून तिची तपासणी करून घेतली, तर इतक्या वर्षांत तिला बेडसोर, म्हणजे पडून राहिल्यानं होणारी जखम, झालेला नाही हे पुढं आलं आणि कोर्टानं नर्सेसचं कौतुक केलं. नर्सांच्या किती बॅचेस आल्या आणि रिटायर झाल्या असतील त्या काळात. मला विचाराल तर आपल्या राज्यात नर्सिंग म्हणून जे काही झालं त्यात याच्यापेक्षा मोठं काही नाही, आणि ते सगळं पहिल्या वर्षाच्या अभ्यासातलं आहे, पाठ धुणं, पुसणं, कूस बदलणं, भरवणं.

त्यानंतर येतं मोजणं. टीपीआर, म्हणजे ताप, नाडी, श्वास. नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, कारण मधेच एखादा ठोका चुकतो तो पंधरा सेकंदात सापडत नाही. आणि श्वास मोजतोय हे पेशंटला सांगायचं नाही, सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो, म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट हातात तसंच धरून ठेवायचं आणि छातीकडे बघत श्वास मोजायचे. मला ही युक्ती फार आवडली होती, अजूनही आवडते.

लेकरांचा श्वास मोजणं हे तर आयुष्यभराचं काम आहे. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आतलं 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं 40 किंवा जास्त श्वास घेत असेल तर तो जलद श्वास, न्युमोनियाचा विचार करायचा, आणि छाती आत ओढली जात असेल तर ताबडतोब पुढं पाठवायचं. स्टेथोस्कोप नाही, एक्स-रे नाही. लेकरू शांत असताना झबलं वर करून पूर्ण एक मिनिट बघत बसायचं, रडायला लागलं तर थांबायचं आणि शांत झालं की पुन्हा पहिल्यापासून. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं 39 गावांत हेच करून दाखवलं, गावातल्याच थोडं शिकलेल्या बायकांना नवजात बाळ तपासायला, वजन करायला, श्वास मोजायला, ऊब द्यायला आणि गरज पडली तर औषध द्यायला शिकवलं, तर तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये ते लॅन्सेट या डॉक्टरांच्या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आलं आणि पुढं देशभर आशाताईंच्या गृहभेटी त्याच वाटेनं सुरू झाल्या. त्यामुळं ज्या पोरी विचारतात की मी आर्ट्सची आहे मला जमेल का, त्यांनी त्या बायकांकडे बघावं. हात आणि नजर तयार होऊ शकते, कुणाचीही होऊ शकते, फक्त कोणीतरी शेजारी उभं राहून तयार करावी लागते.

इंजेक्शनचं सगळ्यांना आकर्षण असतं म्हणून थोडं सांगते. आधी मॅनिकिनवर, म्हणजे शिकायच्या बाहुलीवर, मग मॅडम शेजारी असताना पेशंटला. स्नायूत द्यायचं तर सुई सरळ 90 अंशात, कातडीखाली द्यायचं तर 45, आणि बीसीजीच्या लसीसारखं कातडीच्या थरातच द्यायचं असेल तर जवळजवळ आडवी, तिथं मसुराएवढा फुगा आला तर बरोबर दिलं गेलं. कमरेत द्यायचं तर चार भाग करून वरचा बाहेरचाच भाग धरायचा, कारण आतल्या बाजूनं पायाची मोठी नस जाते आणि ती दुखावली तर माणूस लंगडा होऊ शकतो. यात हात थरथरतो पहिल्यांदा, सगळ्यांचा थरथरतो, त्याची काळजी करू नका. खरी काळजी औषध वाचायची करा. बाटली कपाटातून काढताना वाचा, भरताना वाचा, परत ठेवताना वाचा. कुणी म्हणालं अगं तेच आहे दे, तरी वाचा.

हात धुण्यावरून मॅडमनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यात कायमची बसलीय. व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात बाळंतपणाचे दोन विभाग होते, एकात डॉक्टरकीची मुलं शिकायची आणि दुसऱ्यात सुईणीचं काम शिकणाऱ्या पोरी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतरोगानं मरणाऱ्या बायका कितीतरी जास्त, इतक्या की बायका रडून सांगायच्या आम्हाला तिकडं घालू नका. 1847 मध्ये इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं शोधून काढलं की मुलं प्रेतं चिरून तशीच बाळंतिणीला तपासायला येतात, आणि सुईणीच्या पोरी प्रेतांच्या खोलीत जातच नाहीत. त्यानं क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्यानं खाली आले. मॅडम आम्हाला सांगायच्या, त्या दुसऱ्या विभागातल्या पोरी म्हणजे तुम्ही. वर्गात एकदम शांत झालं होतं.

आणि आता लेबर रूम, ज्याच्यासाठी खरं म्हणजे हे सगळं लिहायला घेतलं.

सुरुवातीला फक्त उभं राहायचं आणि बघायचं. वास, आवाज, रक्त, पाणी, सगळं एकदम अंगावर येतं. चक्कर आली तर भिंतीला धरून खाली बसायचं, त्यात लाजायचं काही नाही. मग हळूहळू काम मिळायला लागतं. आमच्या इन्चार्ज सिस्टर नवीन पोरीला पहिलं काम एकच द्यायच्या, बाईच्या पोटावर हात ठेवून बस. हात आधी चोळून गरम करायचा, गार हात लावला की पोट आकसतं आणि बाईही दचकते. हात सपाट ठेवायचा आणि दहा मिनिटं हलवायचा नाही. कळ येते तेव्हा पोट हाताखाली कडक होत जातं, तसंच राहतं काही सेकंद, आणि सैल पडतं. दहा मिनिटांत किती कळा आल्या आणि एकेक किती सेकंद टिकली हे घड्याळात बघून लिहायचं. बाई किती ओरडतेय त्यावरून कळ मोजायची नाही. काही बायका सुरुवातीपासून ओरडतात आणि काही आमच्याकडच्या बाया दात-ओठ खाऊन गप्प पडून राहतात, तोंडावरून काही म्हणजे काही कळत नाही आणि बघता बघता बाळाचं डोकं दिसायला लागतं. हात ठेवलेला असेल तरच कळतं.

कळ गेली की बाळाचे ठोके ऐकायचे. फेटोस्कोपला, म्हणजे पोटावर ठेवायच्या नळीला, कान लावून, मिनिटभर. पहिल्यांदा काहीच ऐकू येत नाही, मग आईच्या नाडीचा आवाज बाळाचा वाटतो, म्हणून एका हातानं आईची नाडी धरून ठेवायची, दोन्ही जुळले तर ते आईचेच. बाळाचे ज्या दिवशी खरंच ऐकू आले त्या दिवशी मी होस्टेलला जाऊन सगळ्यांना सांगत सुटले होते. आता मशीन असतं डॉपलरचं, लाव की आवाज येतो, चांगलंच आहे, पण लाईट गेल्यावर किंवा सेल संपल्यावर कान लागतो.

हे सगळं पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपण कसं पुढं सरकतंय ते दाखवणाऱ्या तक्त्यावर, भरायचं. गर्भपिशवीचं तोंड चार सेंटीमीटर उघडलं की कागद सुरू. त्यावर दोन तिरक्या रेघा छापलेल्या असतात, पहिली अलर्ट आणि दुसरी ॲक्शन. तुमची रेघ पहिलीच्या उजवीकडे सरकायला लागली की समजायचं काहीतरी अडतंय, आणि मोठ्या दवाखान्यात पाठवायची तयारी करायची, गाडी सांगायची, नातेवाइकांना सांगायचं. दुसऱ्या रेघेपर्यंत वाट बघत बसायचं नाही, कारण आपल्या उपकेंद्रापासून ऑपरेशन होणाऱ्या दवाखान्यापर्यंत घाट आहे, नाला आहे आणि पावसाळ्यात रस्ता असेलच असं नाही. तो कागद मला कोर्समधली सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते. खूप ठिकाणी बाळंतपण झाल्यावर मागून भरतात तो, सगळ्या खुणा एका पेनानं एका बैठकीत. मागून भरलेला पार्टोग्राफ कुणाच्या काय कामाचा?

बाळ बाहेर आलं की लोकांना वाटतं झालं. नर्सचं तिथून सुरू होतं. बाळ आईच्या पोटावर, कोरड्या कपड्यानं पुसायचं, ओला कपडा बाजूला टाकायचा, पुसता पुसता बघायचं रडतंय का. आत दुसरं बाळ नाही ना हे पोटावर हात ठेवून बघायचं आणि एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भपिशवी आकसवणारं इंजेक्शन, 10 युनिट, स्नायूत. नाळ लगेच कापायची नाही, एक ते तीन मिनिटं थांबायचं, तेवढं रक्त बाळाला मिळतं आणि पुढं त्याचं रक्त कमी पडत नाही. मग वार, म्हणजे प्लॅसेंटा. वार ओढायची घाई कधीच करायची नाही, सुटल्याची लक्षणं दिसू द्यायची. आणि पडलेली वार ट्रेमध्ये पसरून दोन्ही बाजूंनी बघायची, सगळे भाग जागेवर आहेत का, एखादा तुकडा आत राहिला का. मग पोटावरून गर्भपिशवी दाबून बघायची, कडक आहे का मऊ पडतेय. पॅड बघायचं, पाच मिनिटांच्या आत पॅड पूर्ण भिजलं तर ते रक्त जास्त जातंय, हाक मारायची. बाळंतीण अशा वेळी शांत दिसते, दमून डोळे मिटलेत असं वाटतं, बाहेर पेढे वाटणं चालू असतं. म्हणून पहिले दोन तास तिला सोडून जायचं नाही.

एका रात्री एक बाळ रडलंच नाही. पुसलं, पाठ चोळली, काही नाही, निळसर आणि ढिलं. इन्चार्ज सिस्टरनी नाळ कापून त्याला ऊब देणाऱ्या रेडियंट वॉर्मरखाली घेतलं, मान किंचित मागं केली, मास्क बसवला आणि बॅग दाबायला लागल्या, तोंडानं हळू आवाजात मोजत, मिनिटाला 40 ते 60 या लयीत. मला म्हणाल्या छाती वर येतेय का सांग. मी म्हटलं येतेय. पहिल्या मिनिटात श्वास द्यायला सुरुवात व्हायला पाहिजे हे पुस्तकात वाचलं होतं, पण मिनिट म्हणजे किती कमी असतं ते त्या टेबलापाशी उभं राहिल्यावर कळतं. बाळानं आधी एक उचकीसारखा श्वास घेतला, मग अजून एक, मग रडलं. सिस्टर लगेच दुसऱ्या बाईकडे वळल्या कारण तिचीही वेळ झाली होती. मला ती शांतता शिकायची होती त्यांच्याकडून, आणि ती कुठल्याच पुस्तकातून येत नाही, चांगल्या सिस्टरच्या शेजारी रात्री काढल्यावरच येते.

वाईट गोष्टीही शेजारी उभं राहूनच शिकल्या जातात, हेही लिहिलं पाहिजे. काही ठिकाणी बाळंतिणीवर ओरडायची, मांडीवर चापट मारायची, घाण घाण बोलायची पद्धतच पडलीय, आणि शिकाऊ पोरगी बघते की असंच करतात. सहा महिन्यांत तीही तसंच बोलायला लागते. 2017 पासून केंद्राचा लक्ष्य नावाचा कार्यक्रम आहे, त्यात लेबर रूमची स्वच्छता, उपकरणं याबरोबर बाईला मानानं वागवणं, सोबत घरची एक बाई असू देणं हेही आहे. पण मान भिंतीवरच्या पोस्टरमुळं मिळत नाही. पोरींनो, तुम्ही कळा देणाऱ्या बाईचा हात धरून नुसतं "माय, होतंय बघ, अजून थोडं" म्हणालात तरी तिच्या अंगात जोर येतो. याला पैसा लागत नाही आणि मनुष्यबळ कमी आहे हे कारणही इथं चालत नाही.

दुसऱ्या वर्षी गावात पोस्टिंग असतं आणि इथं बऱ्याच पोरींना कंटाळा येतो, पण पुढची सगळी नोकरी तिथंच असते. व्हॅक्सिन कॅरियरमध्ये चार आइस पॅक घालायचे, पण फ्रीजरमधून काढले की लगेच नाही, हलवल्यावर आत पाणी डुचमळेपर्यंत बाहेर ठेवायचे, नाहीतर पेंटासारख्या, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीसारख्या, लसी गोठून वाया जातात आणि गोठून गेलेली लस नुसत्या नजरेला चांगलीच दिसते. लस 2 ते 8 अंशातच ठेवायची. बाटलीवर उष्णतेनं रंग बदलणारी खूण असते, तिच्यातला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका आहे तोवरच वापरायची. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची बाटली त्यांच्याच पाण्यानं फोडायची, फोडल्याची वेळ लिहायची, चार तासांनी टाकायची, उरली म्हणून जीव जळला तरी टाकायची. लस दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं आणि आईला सांगायचं की ताप येईल, भिऊ नको. हे सांगितलं नाही तर ती पुढच्या महिन्यात येत नाही. तसंच लोहाच्या गोळ्यांचं, शी काळी होते हे आधीच सांगून ठेवा, चहाबरोबर घेऊ नको म्हणून सांगा, नाहीतर गोळ्या पत्र्याच्या डब्यात जमा होतात आणि बाईचं रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, सातवरच राहतं.

आमच्याकडे तर दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, त्यामुळं पोटुशी असली तरी बाई जाते आणि तान्हं असलं तरी घेऊन जाते, सातारा, सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायचं. मग तिथं तिचा बीपी कोण बघणार आणि लेकराचा 14 आठवड्यांचा डोस कोण देणार? म्हणून दिवाळीआधीचे दिवस आम्ही यादी घेऊन दारोदार फिरतो, कोणाला कितवा महिना, कोणाचं काय राहिलंय, माता बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून देतो, कार्ड पेटीत ठेवू नको सोबत ने, कारखान्याजवळच्या नर्सबाईला दाखव. मार्च-एप्रिलला टोळ्या परत येतात तेव्हा कार्ड आधी बघते मी. कुणाचं पुढचं इंजेक्शन लिहिलेलं असलं की तिकडच्या कुठल्यातरी अनोळखी सिस्टरची सही असते त्यावर, फार बरं वाटतं.

याच ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय 2019 मध्ये गाजला, सरकारनं समिती नेमली, पेपरात महिनाभर बीडचं नाव होतं. मला त्यातली एक गोष्ट आतून माहितीये. पांढरं जाणं, पाळीत जास्त जाणं, कंबर दुखणं, या तक्रारी घेऊन बाई पहिल्यांदा कुणाकडं जाते आणि तिथं तिचं ऐकून घेतलं जातं का, यावर पुढचं बरंच ठरतं. पडदा ओढून, तिच्या सासूला बाहेर बसवून, पाळी कधी आली, कपडा वापरतेस का, वास येतो का, नवऱ्याला काही त्रास आहे का, हे न लाजता विचारायला आम्हाला शिकवलं होतं, एकमेकींवर सराव करून घेतला होता. साध्या औषधानं बरं होणारं दुखणं वेळेत सापडलं तर बाई पिशवी काढायच्या टेबलापर्यंत जात नाही. हिस्टरी घेणं हा परीक्षेत थोड्या मार्कांचा प्रश्न असतो, गावात तो फार मोठा आहे.

आता ज्याचं मला सगळ्यात वाईट वाटतं ते. गल्लोगल्ली नर्सिंगचे कोर्स निघाले. काही चांगले आहेत, पण काही असे आहेत की दोन खोल्या, एक फाटकी बाहुली, आणि जोडलेलं हॉस्पिटल फक्त कागदावर. पोरी फी भरतात, बाप जनावर विकून किंवा उचल घेऊन पैसे देतो, आणि पोरगी दोन वर्षांत एकही बाळंतपण हातानं करत नाही. केस बुक, म्हणजे स्वतः केलेल्या केसेसची वही, मागच्या बॅचवरून उतरवून काढतात, नाव-वय बदलायचं फक्त. नाहीतर कुठल्यातरी खासगी दवाखान्यात पाठवतात तिथं तिला सलाईनच्या बाटल्या बदलायला आणि फरशी पुसायला ठेवतात, शिकवायला कोणी नाही, फुकटची कामगार. मग तीच पोरगी रजिस्ट्रेशन घेऊन एखाद्या उपकेंद्रात एकटी उभी राहते, रात्री कळा देणारी बाई येते, आणि हिनं आयुष्यात कधी पोटावर दहा मिनिटं हात ठेवलेला नसतो. फसवणूक दोघींची झालेली असते, त्या बाईची आणि हिची. आणि झालंच काही वाईट तर गाव शिव्या हिलाच देणार, फी घेतलेला माणूस तिथं नसणार.

त्यात नोकरीचंही सगळं गोड नाही. कायमच्या जागा कमी आणि कंत्राटी जास्त, काम तेच आणि पगारात मोठा फरक. ॲपमध्ये माहिती भरण्यात इतका वेळ जातो की कधीकधी बाईशी बोलायचा वेळ त्यातून चोरावा लागतो. हे मी लपवणार नाही. तरी कुणी विचारलं की एएनएम करू का, तर मी हो म्हणते, कारण हातात असं काम फार थोड्या जणींच्या येतं.

फक्त कॉलेज बघून घ्या. बिल्डिंग, बस, होस्टेलचे फोटो यावर जाऊ नका. इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि राज्याच्या परिषदेची मान्यता आहे का ते त्यांच्याच यादीत नाव शोधून बघा, माहितीपत्रकावर छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका. हॉस्पिटल कुठलं जोडलंय, तिथं महिन्याला बाळंतपणं किती होतात, पोरींबरोबर वॉर्डात ट्यूटर जाते की पोरींना नुसतं सोडून येतात, हे तोंडावर विचारा, बापाला विचारायला लावू नका, तुम्ही विचारा. आणि एक दिवस आईला घेऊन त्या हॉस्पिटलच्या गेटवर दुपारी ड्युटी बदलायच्या वेळेला जाऊन उभ्या राहा. दुसऱ्या वर्षाच्या पोरी बाहेर पडतील, त्यातल्या एकीला बाजूला घेऊन विचारा, अगं तू स्वतःच्या हातानं बाळंतपण केलंस का आणि तेव्हा शेजारी कोण उभं होतं. ती नाव घेऊन सांगायला लागली तर तिथं फॉर्म भरा. इकडंतिकडं बघायला लागली तर तिला त्रास देऊ नका, दुसरं कॉलेज बघा.